माळा काढलात की नाही?

शिव शिव शिव! काय दिवस आलेत बघा. पूर्वी घरातली घाण घरातच राहायची. पाहुणा यायचा म्हटलं की पसारा पलंगाखाली ढकलायचा, पडदा ओढायचा, वर धुतलेली चादर टाकायची आणि चेहरा असा ठेवायचा की या घराला धूळ म्हणजे काय ते ठाऊकच नाही. गिरगावात कित्येक पिढ्या याच रीतीने अब्रूने जगल्या. आणि आता? लालबागपासून ठाकूरद्वारापर्यंत बायका (आणि सांगताना जीभ अडखळते, पण बाप्येसुद्धा) आपल्या एक्झॉस्ट फॅनवरच्या किटणाचे फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात. एक फोटो ‘आधी’चा, एक ‘नंतर’चा. ‘नंतर’चं मी एक वेळ समजू शकते. पण ‘आधी’? ‘आधी’ दाखवायची छाती होते तरी कशी?

बरं, साधा केरवारा कोणी दाखवत नाही. त्याला आता काडीची किंमत नाही. वर्षानुवर्षं जे टाळलं तेच काढायचं, आणि जितकी वर्षं टाळलं तितका मान मोठा. फ्रीजची मागची बाजू, गोदरेजच्या कपाटाचा टप, स्लायडिंगच्या खिडकीचे खाचे, देव्हाऱ्यामागची भिंत, मोरीची जाळी. दादरच्या एका वहिनींनी वॉशिंग मशीनच्या दाराचं रबर उलगडून दाखवलं. त्यात एक रुपयाची दोन नाणी, केसांची पिन, नातवाचा अर्धा मोजा आणि वर बुळबुळीत काळं काहीतरी. खाली चाळीस जणांनी टाळ्या दिल्या होत्या. टाळ्या! आमच्या वेळी असलं कोणाच्या दृष्टीस पडलं असतं तर मुलीचं लग्न मोडलं असतं.

त्याहून पुढची तऱ्हा परळला. धुतलेल्या, कपाटात ठेवलेल्या चादरी काढायच्या, टबात कढत पाणी आणि धुण्याचा सोडा घालून त्यात तासन्‌तास बुडवायच्या, आणि मग चादरीचा नव्हे, पाण्याचा फोटो काढायचा. कोणाचं पाणी जास्त काळं याची चढाओढ. ‘तुमचं नुसतं करडं आलं होय? आमचं डांबर!’ असं म्हणत एक गृहस्थ जिन्यात छाती काढून उभे होते. त्या काळ्या पाण्यात चादरीचा सुटलेला रंग आणि आधीच्या धुण्यांतला न निघालेला साबणही असतो, हे त्यांना कोणी सांगायचं? मी नाही सांगितलं. माणूस इतका खूश क्वचित असतो.

आता कोणी म्हणेल, साफसफाई काय आजची आहे? नाहीच मुळी. घटस्थापनेच्या आधी गोधड्या-चादरी धुऊन गॅलरीचे कठडे झाकून टाकायचे, दिवाळीच्या आधी जळमटं काढून भिंतींना चुना फासायचा, हे सगळं होतंच. लालबाग-परळच्या चाकरमान्यांना तर दोन-दोन घरं. इथली खोली गणपतीच्या आधी पुसायची, मग एसटीने गावी जाऊन वर्षभर बंद असलेलं घर उघडायचं आणि तिथली कोळिष्टकं काढायची. पण त्याचा गाजावाजा नव्हता. धुतलेल्या गोधड्या चाळीला दिसायच्या, मळलेल्या दिसत नसत. रीत हीच होती.

आणि घरात परका डोळा नको असण्याला कारणही तसंच होतं. १८९६ साली मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि पाठोपाठ सरकारी माणसं घराघरांत घुसू लागली. १८९७ च्या साथरोग कायद्याने त्यांना मोकळं रान दिलं. कार्बोलिक फवारायचं, चुना मारायचा, ऊन आत यावं म्हणून छपराची कौलं उतरवायची, आणि घर पसंत पडलं नाही तर दारावर ‘यू.एच.एच.’ असा शिक्का, म्हणजे माणसांनी राहायला नालायक. लोक आजारी माणसं लपवत, सामान लपवत. पुण्यात तर या तपासणीच्या संतापातून २२ जून १८९७ ला प्लेग कमिशनर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. मुंबईत पुढच्या वर्षी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि त्याच्या चाळी उभ्या राहिल्या. ज्या शहरात घरात डोकावणाऱ्या साहेबाला लोकांनी शिव्याशाप दिले, त्याच शहरात पणतू-पणत्या आता मोबाइल घेऊन स्वतःच मोरीत डोकावतात आणि वर ‘कसं वाटलं?’ विचारतात.

हे वेड आलं कुठून याचा मी बराच खल केला. माझं म्हणाल तर सगळा दोष जागेचा. बीडीडी चाळी घ्या. १९२० च्या दशकात, गव्हर्नर लॉइडच्या योजनेतून, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती. खोली १६० चौरस फुटांची. त्यात ओटा, मोरी, पलंग, देव, अभ्यासाचं टेबल (म्हणजे पलंगच) आणि आठ-दहा माणसं. अशा खोलीत घाण टाळणार कुठे? लादी दिवसातून तीनदा पुसावीच लागायची, कारण तिच्यावरच पानं मांडायची आणि तिच्यावरच अंथरुणं घालायची. ओटा धुतला नाही तर झुरळ थेट उशाशी. टाळता येईल अशी एकच जागा असायची, ती म्हणजे पोटमाळा. म्हणून टाळायचं ते सगळं वर. फुटका पाळणा वर, मामंजींची ट्रंक वर, लग्नातली भांडी वर, न बोलायचे विषयही वरच.

आता १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, ५०० चौरस फुटांच्या. दृष्ट लागण्यासारखी गोष्ट आहे, मी आधी लिंबू-मिरची बांधा म्हणूनच सांगितलं. पण जायचं म्हटलं की माळा उतरवावाच लागतो ना! आणि गेल्यावर? पलंग भिंतीपासून लांब, फ्रीजच्या मागे बोळ, दोन बाथरूमच्या खिडक्या, गीझरच्या वर फळी. घाणीला बिचारीला प्रथमच स्वतःची जागा मिळते. १६० फुटांत ‘आज नको, पुढच्या महिन्यात बघू’ ही चैन परवडायची नाही. ५०० फुटांत परवडते. तेव्हा या तुंबलेल्या कामांचे फोटो टाकणारी मंडळी नकळत सांगत असतात की आमचं घर मोठं आहे हो. हे माझं मत आहे. कोणाला टोचलं तर टोचू दे.

माळे उतरायला लागल्यापासून मात्र जे चाललंय ते ऐकून कानांवर हात ठेवाल. नायगावकडची गोष्ट, कानोकानी आलेली. खरं-खोटं त्या दोन घरांना माहीत. एका घरच्या पुतण्याने माळा काढायला घेतला आणि अर्थातच मोबाइल लावून ठेवला. ‘पन्नास वर्षांनी माळ्यावरून काय निघालं बघा!’ निघालं एक पितळी पातेलं, काजळी धरून काळंकुट्ट. काकूंनी कॅमेऱ्यासमोर फतकल मारली, चिंच भिजवलेली होतीच, मीठ घेतलं आणि काथ्याने घासायला सुरुवात केली. चिंचेतलं आम्ल पितळेवरचा जुनाट थर खातं, त्यामुळे हळूहळू पिवळंधमक उजळायला लागलं. आणि उजळता उजळता काठाखालची ठोक्यांनी कोरलेली अक्षरं वर आली. आधी ‘चि. सौ. कां.’, मग नाव, मग आडनाव, मग १९७४. नाव मी इथे लिहीत नाही, पण ते या घरातल्या कोणाचं नव्हतं. समोरच्या गॅलरीतल्या आजींचं होतं.

या आजी पन्नास वर्षं सांगत आल्या होत्या की माझं माहेरचं पातेलं बोहारणीने लांबवलं. त्या पायी त्यांनी बोहारणीला कधी चाळीचा जिना चढू दिला नाही. जुने कपडे फुकट देतील, पण तिच्याकडून चमचा घेणार नाहीत. आणि पातेलं समोरच्याच घरात सत्यनारायणाच्या प्रसादाला नेलेलं, तसंच माळ्यावर चढलेलं! पुतण्याने व्हिडिओ पुसला, पण तोवर तो नायगावातून घाटकोपर, घाटकोपरातून न्यू जर्सीतल्या लेकीपर्यंत पोचला होता. काकूंनी पातेलं परत केलं. रिकामं भांडं परत करायची पद्धत नाही, म्हणून त्यात पुरणपोळ्या घातल्या. किती, यावरून आता चर्चा आहे. आजी म्हणतात, पन्नास वर्षांच्या भाड्याला चार पोळ्या? बोहारणीची माफी कोण मागणार, हे मात्र कोणी बोलत नाही.

चिंच-मिठाचं असं आहे. पण आजकालच्या पोरांना चिंच नको. त्यांना फसफसायला हवं. खायचा सोडा टाकायचा, वर व्हिनेगर ओतायचं, भस्सकन फेस आला की ‘जादू!’ म्हणून ओरडायचं. फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड उडून चालला; मागे जे उरतं ते जवळजवळ पाणीच. सोडा एकटा ओशटपणा काढतो, व्हिनेगर एकटं नळावरचे पांढरे क्षार काढतं. एकत्र आणलं की दोघंही एकमेकांना निकामी करून बसतात, तशी जोडपी आपल्या पाहण्यात आहेतच. फसफसण्यावर भागलं तर ठीक. काही दीडशहाणे संडासाच्या अ‍ॅसिडात ब्लीच मिसळतात, दोन्हीने निघतं तर एकत्र दुप्पट निघेल म्हणून. त्यातून क्लोरीन निघतो. हाच वायू १९१५ साली जर्मनांनी बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर शत्रूवर सोडला होता. तो तुम्ही तीन बाय चारच्या बाथरूममध्ये दार लावून स्वतःवर सोडायचा, आणि कशासाठी? तर टाइलच्या सांध्यांसाठी! ही थट्टा नाही हां. एका वेळी एकच बाटली, आणि खिडकी उघडी.

मी बाप्यांबद्दल म्हणत होते. ज्यांनी जन्मात केरसुणीला हात लावला नाही, भरलेली सुपली समोर दिसली तर ओलांडून गेले, ते आता सुट्टीच्या दिवशी सकाळी सहाला उठून साफसफाई करतात. का? तर यंत्र आलं. कशालाही वायर, नळी आणि पुढे बंदुकीसारखं तोंड असलं की पुरुषजात हजर. गिरगावातल्या एका जुन्या इमारतीत एकाने दाबाने पाणी मारायचं यंत्र आणलं. नळाला पाणी सकाळीच, तेही ठरल्या वेळेत. म्हणजे सगळी चाळ पिंपं भरत असताना याचं गॅलरी धुणं सुरू. कठड्याचं वीस वर्षांचं काळं गेलं खरं. ते खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या परकर-पोलक्यांवर गेलं. त्यावरून जे झालं त्यात यंत्र बाजूला राहिलं आणि १९९३ चं पार्किंगचं भांडण उकरलं गेलं. म्हणजे बघा, कठड्याखालचा आणखी एक थर निघाला.

लोअर परळच्या दुसऱ्या वीराने चिमणीची जाळी रात्रभर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवली. सकाळी बायकोने पाहिलं तर तेल गेलं होतंच, पण जाळी काळी ठिक्कर आणि अर्धी झिजलेली. अ‍ॅल्युमिनियमला कॉस्टिक सोडा चालत नाही, खातो तो. स्टीलची जाळी असती तर वाचली असती. ‘निदान लख्ख तरी झाली,’ असं तो म्हणाला म्हणे. त्यानंतर त्या घरात दोन दिवस कोणी काही बोललं नाही. लालबागला मात्र सफाईचं गाऱ्हाणं निराळंच. मसाला गल्लीच्या आसपासच्या घरांत एप्रिल-मेमध्ये फडकं झटकलं तरी शिंका येतात. तिथली धूळसुद्धा फोडणीला घालण्याजोगी.

ज्यांना स्वतः करायचं नाही ते माणसं बोलावतात. अ‍ॅपवर बुकिंग करायचं. मग एकसारखे टी-शर्ट घातलेली दोन-तीन मुलं येतात, बुटांवर पिशव्या चढवतात, मॅडम-मॅडम करतात, पाठीवरचं यंत्र उतरवतात. काही हजार रुपये हसत दिले जातात. आणि ती येणार म्हणून आदल्या रात्री घरची मंडळी जागून घर आवरतात, ओटा घासतात, संडासात ब्रश फिरवतात. लोक काय म्हणतील! यात मला एकच गोष्ट खरोखर लाजेची वाटते, आणि तिचा फोटो कोणी टाकत नाही. घरची कामवाली दिवाळीच्या सफाईचे पाचशे जास्त मागते तेव्हा याच घरात गोलमेज परिषद भरते. ‘गेल्या वर्षी तीनशे दिले होते ना?’ तिला कपाटाच्या टपावरची धूळ बारा महिने माहीत असते. तिनेच दाखवलेली असते. आपणच म्हणालेलो असतो, राहू दे गं ते, सणाला बघू.

आणि या सगळ्यांच्या गुरूचं काय झालं ठाऊक आहे ना? मारी कोंडो नावाची ती जपानी बाई, जिने जगाला आवरायला लावलं. तिचं पुस्तक इंग्रजीत २०१४ मध्ये आलं, नेटफ्लिक्सवर मालिका जानेवारी २०१९ मध्ये. वस्तू हातात घ्या, आनंद झाला तर ठेवा, नाही तर आभार मानून सोडा. शिवाजी पार्कच्या एका सुनेने हा प्रयोग सासूच्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांवर केला. सासूबाईंनी एकेक डबा हातात घेतला आणि एकोणतीसच्या एकोणतीस डब्यांनी त्यांना आनंद झाला. सून गप्प. तर २०२३ च्या जानेवारीत त्या कोंडोबाईंनीच कबूल केलं की तिसऱ्या मुलानंतर घर नीटनेटकं ठेवणं मी बरंचसं सोडून दिलंय. ऐकून आमच्याकडे दोन दिवस सुतक होतं. स्वीडनच्या मार्गारेटा माग्नुसन यांनी तर २०१७ च्या पुस्तकात सांगितलं की मरायच्या आधी स्वतःचा पसारा स्वतः आवरून जा, मुलांवर टाकू नका. गिरगावातल्या आज्यांना हे वाचून हसू आलं असतं. कुठला हंडा कोणत्या नातीचा, हे त्यांनी साठाव्या वर्षीच जाहीर केलेलं असतं. पुढची पंचवीस वर्षं फक्त हंड्याकडे बघणाऱ्या नातींकडे बघायचं.

या वाऱ्यातून महापालिका तरी कशी सुटेल? डिसेंबर २०२३ मध्ये तिनेही सखोल स्वच्छता मोहीम काढली, रस्तेच्या रस्ते धुतले, मुख्यमंत्र्यांनी हातात पाइप धरला. नळी असली की पुरुष हजर, हे मी आधीच सांगितलंय.

दादरकरांची एक अडचण तेवढी खरी. ऑगस्ट २०२५ मध्ये कबुतरखाना बंद करायला वर ताडपत्री पडली, ती लोकांनी ओढून काढली, वाद कोर्टात. आणि आसपासच्या प्रत्येक गृहिणीची खात्री आहे की तिथली सगळी कबुतरं तिच्याच ग्रीलमध्ये राहायला आली. त्या ग्रीलचा ‘आधी’ कोणी न टाकलेलाच बरा. पण काढायचं असेल तर सुकलेलं खरवडू नका. आधी पाणी मारून भिजवा, नाका-तोंडाला मास्क लावा. ती वाळकी भुकटी फुप्फुसात गेली की दुखणं मागे लागतं.

आता शेवटची बातमी सांगते, ही परळच्या टॉवरमधली, चाळीतून तिथे गेलेल्या कुटुंबाची. लक्ष्मीपूजनाचा दिवस. सासूबाईंनी दादर बाजारातून नवी केरसुणी आणलेली, चौरंगाशेजारी ठेवून तिला हळद-कुंकू वाहिलेलं. शेवटी लक्ष्मी तीच. सुनेने हौसेने घेतलेला तो गोल रोबोट, स्वतःच केर काढत फिरणारा. ती म्हणाली, मग यालाही वाहायला हवं. सासूबाईंनी जरा नाक मुरडलं, पण वाहिलं. अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल ठेवलं. आरती सुरू झाली. साडेसात वाजले. या साहेबांची वेळ कोणीतरी साडेसातची लावून ठेवलेली. डोक्यावर झेंडू घेऊन तो निघाला, दारातल्या रांगोळीवरून दोनदा गेला, तिचे सगळे रंग दिवाणखान्याच्या पांढऱ्या लादीवर पसरवले, अक्षता गिळल्या, लाह्या गिळल्या आणि चौरंगाखाली शिरून अडकला. वरच्या कलशाला हिसके बसायला लागले. मग चौरंगाखालून एक बाई अत्यंत नम्र इंग्रजीत म्हणाली की कृपया माझी चाकं तपासा. मामंजींनी चटकन हात जोडले.

सासूबाईंनी मात्र पदर खोचला, पूजेतली केरसुणी उचलली, तिच्या दांड्याने त्या रोबोटला बाहेर ओढला आणि कडाडल्या, ‘दिवेलागणीला केर काढतो मेला!’

सूनबाई अजून अ‍ॅपमध्ये त्याची वेळ बदलायचं बटण शोधते आहे.